चांद्याचं दावं

माझ्या सख्ख्या मामाने माझ्या भावाला फसवलं. त्याच सौद्यात पुढे त्याने मलाही फसवलं, पण माझं बाजूला ठेवू. ज्याला धंदा करायचा आहे त्याला कोणीतरी लवकर फसवलेलं बरंच असतं. माझ्या भावाला धंदा करायचा नव्हता. त्याला बैल पाहिजे होता, आणि तोही नवा नाही, होता तोच. मामा आज केनवडला थोरल्या मुलाकडे राहतो. दोन्ही वेळ जेवतो, कान शाबूत आहेत, जीभ शाबूत आहे, आणि लग्नकार्यात नव्या सुना त्याच्या पाया पडतात. त्याला ऐकू येतं आहे तोवर हे लिहून ठेवते. माणूस गेल्यावर सगळे त्याच्याबद्दल चांगलंच बोलतात, आणि मला ते जमायचं नाही.

भावाचं नाव किसना. तो माझ्याहून थोरला, पण थोरलेपणाची कामं माझ्याकडे आली. आमचं घर केनवडच्या पुढे, सडक सोडून आत गेलेल्या एका खेड्यात. पुढे दोन खोल्या, मागे गोठा, आणि मधे एक दार. ते दार किसना लावू देत नसे. थंडीत लावलं तर तो उठून उघडायचा, माय उठून लावायची, तो पुन्हा उघडायचा. शेवटी बाबांनी ते दार काढून त्याची बाज केली आणि घरात शांतता झाली. गोठ्याच्या भिंतीत ओळीने लाकडी खुंट्या ठोकलेल्या होत्या आणि प्रत्येक खुंटीवर एक दावं होतं. आमच्याकडे जनावर विकलं की त्याचं दावं देत नाहीत. घेणाऱ्याने आपलं दावं आणावं, जनावराच्या गळ्यात घालावं आणि न्यावं. जुनं दावं घरच्या खुंटीवर राहतं. दाव्यामागे घरची बरकत जाते म्हणतात. त्यामुळे आमच्या भिंतीवर तांबड्या गाईचं दावं होतं, मोडक्या शिंगाच्या म्हशीचं होतं, ज्यांना मी कधी पाहिलंही नाही अशा बैलांची होती. किसना रोज सकाळी या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन प्रत्येक दाव्याला हात लावायचा. मी एकदा गंमत म्हणून दोन दाव्यांची अदलाबदल केली. त्याने ती जागच्या जागी टांगली आणि नंतरच चूळ भरली. मला तो काही बोलला नाही. तो कोणालाच काही बोलत नसे.

म्हणजे मुका नव्हता. ऐकलेलं वाक्य तो जसंच्या तसं म्हणायचा, ज्याचं असेल त्याच्या आवाजात. माय सकाळी शेजारणीशी बोललेली असे आणि दुपारी किसना कडब्याच्या गंजीमागून मायच्या सुरात म्हणे, "आमच्या घरी साखर सपली वं बाई." शेजारीण एकदा खरंच साखर घेऊन आली. लोक त्याला भोळा म्हणत, काही जण बावळा म्हणत, आणि मायच्या समोर देवाचा माणूस म्हणत. बावळा म्हणणाऱ्यांशी मी भांडायची. माझ्या तोंडाची कीर्ती गावात तेव्हापासूनच आहे. देवाचा माणूस म्हणणाऱ्यांशी कसं भांडायचं हे मात्र मला कळत नसे, कारण तेही त्याला दारातूनच वाटेला लावायचे.

खूप पुढे मी त्याला अकोल्याला एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. त्यांनी शांतपणे सगळं विचारलं आणि म्हणाल्या, याला ऑटिझम म्हणतात, मराठीत स्वमग्नता. मी म्हटलं, बाई, शब्द चुकला. स्वतःत मग्न आमचे बाबा होते. घरात असून त्यांना काही ऐकू जात नसे. किसनाला सगळं ऐकू जातं, तीच तर अडचण आहे. बाई हसल्या आणि म्हणाल्या, शब्द मी ठेवला नाही. मग मी फीबद्दलही थोडं बोलून पाहिलं, पण तिथे मला यश आलं नाही.

त्याला ऐकू जायचं ते असं. पिठाची गिरणी सुरू झाली की तो कानावर हात ठेवून गोठ्यात पळायचा. विहिरीवरचं इंजिन पुक पुक करू लागलं की मात्र इंजिनाजवळ जाऊन बसायचा आणि त्याच्यासारखाच आवाज काढायचा. इंजिन बंद झालं तरी किसना थोडा वेळ चालू राहायचा. पोळ्याला ढोल वाजू लागले की त्याचं डोकं खांबावर आपटणं सुरू व्हायचं, म्हणून आमचे बैल तोरणाखाली सगळ्यांत शेवटी जायचे, वाजवणारे थकल्यावर. खाण्यात भाकर आणि तुरीचं वरण. भाजी ताटात चालायची नाही, ताटाशेजारीही चालायची नाही. त्याला आंबाडीच्या भाजीचा वास सहन व्हायचा नाही आणि आमच्या घरात आंबाडी सदाच, कारण बाबा तुरीच्या पट्ट्याला आंबाडी लावायचे: पाल्याची भाजी व्हायची, सालीच्या वाखाची दावी व्हायची. भाजी त्याला नको, वाख मात्र तो तासन्‌तास नाकाला लावून बसायचा. मी हे मायला दाखवून दिलं तर ती म्हणाली, "एकाच झाडाचं समदंच आवडलं पायजे का? तुले तरी माह्यं समदं आवडते का?"

भाकरीचा वरचा पापुद्रा किसना कधी खात नसे. तो पापुद्रा अखंड सोडवायचा, हातात धरून गोठ्यात जायचा आणि चांद्याला द्यायचा. चांद्या म्हणजे आमच्या जोडीतला उजवा बैल, कपाळावर पांढरा ठिपका असलेला. बैल तसा साधारण होता. आजच्या माझ्या नजरेने पाहिला तर खांदा बरा, पाय बरे, चाल मंद. पण तो बसून रवंथ करू लागला की किसना त्याच्या पोटाला पाठ टेकून बसायचा आणि बैलाच्या श्वासाबरोबर त्याचे खांदे वरखाली व्हायचे. माणसाचा हात लागला तर अंग चोरणारा माझा भाऊ त्या एवढ्या मोठ्या जनावराच्या अंगावर कलंडून झोपून जायचा. चांद्याने कधी शेपटीही त्याच्या तोंडावर मारली नाही. मला मारायचा.

एका पावसाळ्यात जोडीतला दुसरा बैल पोट फुगून मेला. एकट्या बैलाचं शेतकऱ्याला काही करता येत नाही. त्याच्या उंचीचा, त्याच्या चालीचा जोडीदार मिळाला तर ठीक, नाही तर तो बसून खातो. बाबांनी जोडीदार शोधला, मिळाला नाही. मग मायचा थोरला भाऊ, दौलतमामा, आला. तो बैलांचा दलाल. रिसोडच्या, शेलूबाजारच्या बाजारात त्याचा शब्द चालायचा. खांद्यावर मोठा रुमाल असायचा, आणि त्या रुमालाखाली बोटं दाबून तो भाव ठरवायचा. उभ्या बाजारात काय ठरलं ते घेणाऱ्या-विकणाऱ्या हातांशिवाय कोणाला कळत नसे. आवाज मोठा, खरखरीत आणि सदा आनंदी. मला तो फार आवडायचा. हे आधीच सांगितलेलं बरं.

मामा सकाळीच आला. शेलूबाजारकडच्या एकाकडे चांद्यासारखाच डावा बैल होता आणि त्याला उजवा पाहिजे होता. मामाने पिशवीतून नवं नायलॉनचं दावं काढलं, लालभडक, आणि चांद्याच्या गळ्यातलं आंबाडीचं दावं सोडायला हात घातला. किसना तिथेच होता. दाव्याची गाठ सैल होताना पाहिली आणि त्याने डोकं खांबावर आपटायला सुरुवात केली. माय धावली, मी धावले. बाबा उभे होते. कपाळातून रक्त यायला लागलं तेव्हा मामाने गाठ पुन्हा घट्ट केली, लाल दावं पिशवीत टाकलं आणि आपल्या त्या आनंदी आवाजात म्हणाला, "अरे, कायले रडतं बावा? हिरवा चारा खाते अन् येते. संध्याकायी वापस आनतो."

किसनाचं डोकं थांबलं.

"दौलतराव, दावं द्याचं नसते," बाबा एवढंच म्हणाले. त्या दिवशी तेवढं बोलले हेही पुष्कळ.

"मी आनून देतो ना, भाऊजी. पोट्टं मरन नाई त."

असा चांद्या आपल्याच दाव्यासकट गेला. किसना वाट दिसेनाशी होईपर्यंत उभा राहिला, मग घरात येऊन गपचूप जेवला. संध्याकाळी पापुद्रा हातात घेऊन तो सडकेच्या फाट्यावर जाऊन थांबला. अंधार पडल्यावर मी त्याला घेऊन आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. मग रोज. रडत नव्हता, आपटत नव्हता. फाट्यावर लिंबाखाली उभा राहून मधूनमधून मामाच्या आवाजात म्हणायचा, "हिरवा चारा खाते अन् येते. संध्याकायी वापस आनतो." येणारी-जाणारी माणसं दचकून दौलतमामाला शोधायची. मामाने सांगितलं होतं संध्याकाळी, आणि संध्याकाळ तर रोजच होत होती. किसनाच्या हिशेबात त्यात काही चूक नव्हती. सकाळी तो दाव्यांना हात लावायचा, सगळी दावी जागच्या जागी असायची, चांद्याचं त्यात नसायचं. ज्यांची दावी खुंटीवर ती जनावरं गेलेली. चांद्याचं दावं चांद्याच्या गळ्यात. म्हणजे चांद्या विकलेला नाही. हे किसनाला कोणी शिकवलं नव्हतं, पण आमच्या गावातल्या कोणालाही विचारलं असतं तरी त्याने हेच सांगितलं असतं.

मी तर तेच सांगत सुटले. सातवीत शाळा सुटली होती, हाताला काम होतं, तोंडाला नव्हतं. मी बाबांना म्हटलं, दावं दिलं म्हणजे सौदा कच्चा. आपण बैल परत मागू शकतो. बाबा कडबा तोडत राहिले. त्या हिवाळ्यात आमची गाय आटली आणि गोठ्याच्या छपराचा वासा पडला. वासा जुना होता आणि गाय म्हातारी होती, पण बाबा एकदम बोलायला लागले: दावं गेलं, बरकत गेली. मामा घरी आला की तेच. "दौलतराव, दावं." जेवायला बसला तरी "दौलतराव, दावं." तिकडे बाजारातही बोभाटा झाला होता. घेणारे हसत विचारायचे, "काय दौलत, दाव्यासगट देतं का?" आणि विकणारे आपलं जनावर त्याच्या हाती द्यायला कचरायला लागले, जो सख्ख्या बहिणीच्या घरचं दावं सांभाळू शकत नाही त्याच्या हाती कोण दोर देईल? हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की एक दिवस मामा आला, मायच्या हातचा चहा प्याला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "इमल, तू लय बोलतं ना? चाल माह्यासंगं शेलूबाजारले. तूच बोल त्याच्यासंगं. चांद्याले सोडवून आनू."

माझं नाव विमल. मामा एकटाच इतक्या लाडाने इमल म्हणायचा.

मायने भाकरी बांधून दिल्या. किसनाला मी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो ते वाक्य रोज म्हणत बसला असता. पण त्याच्या ताटातला पापुद्रा मी मागून घेतला. त्याने तो दिला, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. एसटीने वाशीम, तिथून दुसरी एसटी, आणि सगळा रस्ता मी काय बोलायचं ते मनात घोकत होते. मामा शेजारी बसून मला शिकवत होता. "जोरात बोलजो. रडजो नको. बैलच मांगजो. त्यानं काई दुसरं काहाडलं त आयकजो नको. बैल म्हंजे बैल." मी म्हटलं, "मामा, तुमी काय बोलसान?" तो म्हणाला, "मी कायले बोलू? तुह्या भावाचा बैल हाये."

शेलूबाजारपासून थोडं चालल्यावर नथ्थूजींचं घर आलं. नथ्थूजी म्हणजे चांद्या घेणारा शेतकरी, मिशा पांढऱ्या, अंगात बंडी, ओट्यावर बसून कपाशीच्या पऱ्हाटीच्या काडीने दात कोरत होता. चांद्या समोरच बांधलेला होता, आणि त्याच्या गळ्यात आमचंच आंबाडीचं दावं होतं. मी पापुद्रा पुढे केला. त्याने तो खाल्ला, माझ्या हाताचा वास घेतला, मागे वाटेकडे पाहिलं, आणि पुन्हा रवंथ सुरू केलं.

नथ्थूजी मामाला म्हणाला, "आला का? आता पोट्टीले घेऊन आला?"

त्या 'आता'कडे माझं लक्ष गेलं नाही. आज असा एक शब्द कोणाच्या तोंडून निघाला तर मी अर्धा सौदा जिंकून घरी येते. तेव्हा मी उभी राहिले आणि बोलायला लागले.

"तुमी आमचा बैल वापस करा."

"इकत घेतला ना मी, पोरी."

"इकला असता त दावं आमच्या घरी असतं. दावं इथं हाये. म्हंजे बैल चरायले देल्ला. तुमच्या गावात दाव्यासगट बैल इकतात का?"

"नाई इकत," नथ्थूजी म्हणाला.

"मंग?"

"अन् पैसे मोजले ते?"

"ते मामाले इचारा. माह्या भावाले कोनी इचारलं नाई, त्याले कोनी काई देल्लं नाई. तो रोज फाट्यावर उभा राह्यते. तुमी या पाहाले. तुमच्या दारात लेकरं नाईत का?"

बाजूच्या घरची माणसं जमा झाली. एकजण म्हणाला, पोट्टी वकील होते. मला जोर चढला. मी पंचायत बसवीन म्हटलं, बाजारात उभी राहून सांगीन म्हटलं, चांद्याला आत्ता सोडून नेईन म्हटलं आणि खुंट्यापर्यंत गेलेही. माझ्या आयुष्यात मी पुढे पुष्कळ चांगली बोलले आहे, पण इतकी खरी कधी नाही. मधेच मी मामाकडे पाहिलं. तो ओट्यावर नथ्थूजीच्या शेजारी बसला होता, गंभीर चेहऱ्याने माझं ऐकत, आणि दोघांच्या हातांवर त्याचा रुमाल पसरलेला होता. रुमालाखाली बोटं हलत होती. मला वाटलं, मामा माझ्या बाजूने जोर लावतो आहे. मी आणखी मोठ्याने बोलले.

नथ्थूजीने हात बाहेर काढला आणि उठला. "हे पाय पोरी, पेरनी तोंडावर हाये, बैल काई मी देत नाई. पन तू बोलली बरोबर. दावं तुमचं. दाव्यासाठी लय झालं आता, घेऊन जाय." त्याने घरातून दुसरं दावं आणलं, चांद्याच्या गळ्यात घातलं, आणि आमचं सोडून माझ्या हातात दिलं. ते गरम होतं.

"अन् बैल?" मी मामाला विचारलं.

"पुढच्या खेपेले," मामा म्हणाला, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "अर्धं त आज जितलं तू. अशी बोलली का बस."

परतीच्या एसटीत त्याने मला भेळ घेऊन दिली. मी दावं मांडीवर ठेवून बसले होते आणि पुढच्या खेपेला काय बोलायचं ते ठरवत होते.

मोठं मागितलं की लहान मिळतं, हे आता माझ्या दुकानातलं पोरगंही जाणतं. दहा मागायचे म्हणजे सात येतात. मामा आधी दाव्यासाठी जाऊन आला होता आणि नथ्थूजीने ते दिलं नव्हतं. घरी आलेली बरकत कोण परत देईल? म्हणून मामाने बैल मागणारं एक तोंड आणलं. बैलापुढे दावं अगदीच बारीक दिसतं. माझा सगळा आरडाओरडा त्याने रुमालाखाली खर्चून टाकला, आणि त्याच्या बदल्यात आणखी काय दिलं-घेतलं ते मला आजही माहीत नाही.

आम्ही फाट्यावर उतरलो तेव्हा ऊन कलत होतं आणि किसना लिंबाखाली उभा होता, हातात पापुद्रा. मी लांबूनच दावं उंच धरून पळत गेले. "किसना, आनलं! पाय, आनलं!" किसना माणसाच्या तोंडाकडे पाहत नाही. त्याने दाव्याकडे पाहिलं. ते हातात घेतलं, नाकाला लावलं, पुष्कळ वेळ लावलं. मग माझ्या मागे रस्त्याकडे पाहिलं. तिथे फक्त मामा येत होता, रुमाल खांद्यावर टाकत. किसना वळला आणि घराकडे चालायला लागला. गोठ्यात जाऊन त्याने ते दावं भिंतीवरच्या शेवटच्या मोकळ्या खुंटीवर टांगलं, सगळ्यांसारखंच. मग चांद्याच्या जागेवर जाऊन बसला आणि पाठ टेकायला गेला. मागे काही नव्हतं. तो तसाच मागे पडला आणि पडून राहिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो फाट्यावर गेला नाही. पुन्हा कधीच गेला नाही. दावं घरी आलं, सौदा पक्का झाला. बाबांची बरकत आली, मामाची बाजारातली पत आली. गाय काही दूध देऊ लागली नाही, पण त्याबद्दल बाबांनी तक्रार केली नाही.

त्यानंतर किसना अजिबात बोलेनासा झाला. मायचा आवाज नाही, शेजारणीचा नाही, इंजिनाचाही नाही. घरात इतकी शांतता मला कधी ऐकू आली नव्हती. मी मायशी भांडले. माय म्हणाली, "दादानं काई वाईट केलं नाई. पोट्टं डोकं फोडून घेऊन राह्यलं होतं. काय कराचं होतं त्यानं?"

"खरं सांगाचं होतं."

"खरं सांगतलं असतं त त्याले समजलं असतं का?"

"खोटं बरोबर समजलं ना त्याले."

माय भाकर थापत होती. ती तिने तव्यावर टाकली. "माह्या भावाले काई म्हनू नको," ती म्हणाली. तिला तिचा भाऊ, मला माझा. त्यावर आमचा समझोता कधी झाला नाही, आणि ती गेली तेव्हा तिला खांदा द्यायला मामाच सर्वांत पुढे होता.

किसना पुन्हा बोलला तो सुताराशी. सुतार पेरणीची तिफण दुरुस्त करायला आला होता, अर्धं काम टाकून उठला आणि म्हणाला, "उद्या येतो." आतून गोठ्यातून आवाज आला, मोठा, खरखरीत, आनंदी: "हिरवा चारा खाते अन् येते. संध्याकायी वापस आनतो." मायने मामा आला समजून चुलीवर चहाचं आधण ठेवलं. मी गोठ्यात जाऊन पाहिलं. किसना एकटाच वाख पिळत बसला होता. सुतार दुसऱ्या दिवशी आला नाही. तेव्हापासून कोणी येतो म्हणालं, आणतो म्हणालं, पाठवतो म्हणालं की किसना ते वाक्य म्हणतो. खोटारड्याला म्हणतो आणि प्रामाणिक माणसालाही म्हणतो. त्याच्या लेखी त्यात फरक नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा त्याचा शब्द आहे, आपण जे एका शब्दात म्हणतो ते तो त्या दिवसाच्या सगळ्या वाक्याने म्हणतो. मी विचारलं, कोणता शब्द? त्या म्हणाल्या, ते तुम्हीच सांगा.

माझ्या लग्नात मी एकच अट घातली, की किसना माझ्यासोबत येईल. दोन स्थळं त्यावर परत गेली; तिसरा माझा नवरा. चांगला होता. सासरी मी आधी आठवडी बाजारात फडकं पसरून दोर विकले, मग रिसोडला दुकान टाकलं: दोरखंड, ताडपत्री, बारदाना. आता आंबाडीचं दावं कोणी मागत नाही. सगळं नायलॉन, त्यातही लालभडक जास्त खपतं. किसना आत ताडपत्रीच्या थप्पीला पाठ टेकून बसतो. व्यापारी फोनवर म्हणतो, ताई, माल उद्या पाठवतो, आणि मागून मामा बोलतो. नवे लोक वळून पाहतात. जुने लोक माल वेळेवर पाठवतात. जेवताना पापुद्रा तो अजून सोडवतो, अखंड, आणि ताटाच्या कडेला ठेवून देतो. तो मी खाते.

या दिवाळीत मामाच्या मुलाने फोन लावला आणि मामाकडे दिला. म्हातारा आवाज, बारीक, दम लागलेला. "इमल, लय दिवस झाले वं. किसनाले एक डाव पाहाचं हाये मले. दिवाळी झाली का येतो." फोन गल्ल्यावर ठेवलेला होता, आवाज मोठा करून. ताडपत्रीवरून किसना म्हणाला, "हिरवा चारा खाते अन् येते. संध्याकायी वापस आनतो." त्या काळच्या आवाजात, मोठ्या, खरखरीत, आनंदी. तो आवाज आता जगात फक्त किसनाकडे आहे.  मी पलीकडचा दम ऐकत होते. मग फोन बंद झाला.

दिवाळी झाली. तुरी निघाल्या. मामा आला नाही.

तर मामा, हे तुम्हाला कोणी ना कोणी वाचून दाखवेल. केनवडहून रिसोडला जीप दिवसभर चालतात, म्हातारपणाचं कारण सांगू नका. लग्नांना तुम्ही जाता. मिठाई आणू नका, तो खात नाही. चांद्याचं दावं माझ्या दुकानात खुंटीवर आहे, विकायला नाही. त्याच्याखाली मी तुमच्यासाठी खुर्ची ठेवते. चांद्या पुढे किती जगला, कोणाच्या दावणीला मेला, आणि त्या दिवशी मी ओरडत असताना रुमालाखाली तुम्ही काय ठरवलं, हे तुम्हाला सांगायचं आहे. मला नाही. मी माझं धंद्यात वसूल केलं आहे. किसनाला सांगायचं आहे, त्याच्यासमोर बसून, तुमच्या तोंडाने. तो तुमच्या तोंडाकडे पाहणार नाही, म्हणून लाजायचं कारण नाही. पण तो ऐकतो. संध्याकाळी या, कारण तुम्ही संध्याकाळच सांगितली होती. या, आणि त्याला उत्तर द्या.